कै. आणि खाली डिट्टो

केसरीनाथ तरे यांच्या घरात नावांना काही तोटा नव्हता. बंगल्यावर वडलांचं नाव, 'दामोदर निवास'. दापोड्याला जी गोदामं भाड्याने दिली होती, त्यांच्या फाटकावर 'केसरीनाथ कंपाउंड'. टेम्पोवर मुलाचं, 'दीपेश रोडलाइन्स'. फार कशाला, गुरं होती तेव्हा गोठ्याच्या दारावर म्हशीचंसुद्धा नाव रंगवलेलं होतं. नव्हतं ते फक्त बायकोचं, कमळाचं. दीपेशच्या लग्नपत्रिकेत भावकीतली झाडून सगळी नावं आली, पाळण्यातल्या पोरांचीही आली, आणि खाली निमंत्रक कोण, तर 'सौ. व श्री. केसरीनाथ दामोदर तरे'. सौ. म्हणजे कोण, ते ज्याचं त्याने ओळखून घ्यायचं.

कमळाने यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. घरात एवढी कामं असताना नावाचं काय घेऊन बसायचं? पण गावदेवीचं जुनं देऊळ पाडून नवं बांधायचं ठरलं आणि तिचं सगळंच बदललं.

देऊळ पाडलं तर तोवर देवी ठेवायची कुठं? कमिटीची मीटिंग बसली. कमिटीचा अध्यक्ष केसरीनाथ, आणि सेक्रेटरी त्याचा चुलतभाऊ मोरू. मोरूला नातवंडं झाली होती तरी बॅनरवर तो अजून 'युवा नेते' होता. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि ठरलं, की देवी केसरीनाथच्या ओटीवर बसवायची, आणि ती तिथं आहे तोवर त्या घरात मासळी-मटण शिजायचं नाही. ठराव एकमताने पास झाला. होणारच हो! ज्या घरात तो पाळायचा होता त्या घरातली बाई मीटिंगला नव्हतीच, ती आत चहा गाळत होती.

खाडीकाठच्या घरात बोंबील नाहीत, निवट्या नाहीत, सोडे नाहीत, म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला नाही कळायचं. दोन पावसाळे कमळाने वाल आणि बटाट्यावर काढले. पहाटे उठून ओटी पुसायची, देवीला शेंदूर, फुलं, सांजेला दिवा. घर सोडून कुठं राहायला जायची सोय नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीला आख्खं माहेर डीजेवर नाचलं, आणि कमळाने ते दीपेशच्या मोबाइलवर बघितलं. केसरीनाथने पण पथ्य पाळलं हं, अगदी कडक पाळलं. फक्त त्याला अधूनमधून कमिटीच्या कामासाठी कोन गावच्या नाक्यावर जावं लागायचं, आणि येताना तो उंबऱ्याबाहेरच चूळ भरून घ्यायचा.

देऊळ कळसापर्यंत आलं तेव्हा कमळाने एका दुपारी त्याला विचारलं, "अहो, देवळावर नावांची शिळा लावनार ना? तिच्यात माझं नाव टाका."

केसरीनाथने पेपरातून मान वर केली. "टाकू ना."

"नुसतं सौ. नको. कमळा म्हनून टाका."

"टाकू म्हनलं ना बाई!"

त्याचं हे 'टाकू' कमळाला चांगलं ठाऊक होतं. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो हेच, याच सुरात म्हणायचा. म्हणून शिळेचा तक्ता करायला तो सुनेकडे निघाला, तशी कमळाही देवीपुढे शेजारणीला बसवून त्याच्या मागोमाग गाडीत चढली.

सून भाविका दापोड्याच्या गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघायची. बी.कॉम. झालेली, हात असा चालायचा की बघत राहावं. तिने कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये तक्ता आखून ठेवलाच होता. पहिल्या रकान्यात श्री., दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात पद, चौथ्यात पत्नीचं नाव. कमिटीतले आणि भावकीतले पुरुष एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर त्याच्या बायकोचं नाव, पूर्ण. कमळा चौथीपर्यंत शिकलेली. तिने पडद्याला नाक लावून चौथ्या रकान्यातलं पहिलं घर वाचलं. क-म-ळा. तिच्या पोटात कसं गोड गोड झालं. असा आनंद तिला दागिना घेतानाही झाला नव्हता, खरं सांगते.

केसरीनाथ मात्र तोंडातल्या तोंडात अक्षरं मोजत होता. नारपोलीचा चंद्रा पाथरवट काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून द्यायचा आणि पैसे अक्षरावर घ्यायचा.

"हे काय? श्री., श्री., श्री… सगळीकडं श्री. कशाला? पद तर सगळ्यांचं समाजसेवकच हाय. खाली खाली ते डिट्टो मार ना! आपला क्लार्क मारतो तसं."

गोदामाच्या रजिस्टरात एकाच मालाच्या दहा गाड्या आल्या, तर क्लार्क मालाचं नाव एकदाच लिहायचा आणि खाली दोन छोट्या रेघा ओढत जायचा. त्या रेघांचा अर्थ, वर आहे तेच समजा. ही युक्ती केसरीनाथला भारी आवडायची. त्याने तिथल्या तिथे चंद्राला फोन लावला. "काय रे, त्या डिट्टोच्या दोन रेघांचं काय घेशील?"

"त्याचं काय घेनार शेठ? अक्षर थोडीच हाय ते. फुकट मारतो."

फुकट! झालं, केसरीनाथच्या अंगात आलं. श्री. पहिल्याला, बाकी डिट्टो. तरे आडनाव पहिल्याला, बाकी डिट्टो. फक्त समाजसेवकाला डिट्टो लावायला मोरूने फोनवर साफ नकार दिला. "दादा, माझी समाजसेवा माझी हाय, तुझ्या खालची रेघ न्हाय!" मग बाकीच्यांनीही तेच धरलं. समाजसेवक हा शब्द प्रत्येकाला आपापला, अख्खा हवा होता. त्याची भरपाई कुठून करायची? केसरीनाथचं बोट चौथ्या रकान्यावर गेलं.

"ह्या बायांचं काय करता येईल गं?"

भाविका सासूकडे न बघता म्हणाली, "बाबा, मर्ज करता येतं. म्हणजे उभ्या सगळ्या घरांचं मिळून एक मोठं घर. पण मग नावं जातील."

"कर. आन् लिही, 'व समस्त महिला मंडळ'."

भाविकाने सगळी घरं निवडली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरने पाटी पुढे केली. भाविकाने ती सासूला ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली. "म्हणतोय, फक्त सगळ्यात वरचं राहील, बाकीचं पुसलं जाईल. चालेल का?"

"वरचं पन पूस," केसरीनाथ म्हणाला. मग कमळाकडे वळून, लाडात, "बघ कमळे, सगळ्या पुरुषांस्नी एक एक खोली, आन् तुम्हांस्नी हा एवढा मोठा हॉल! देवीला काय, मनातलं कळतंच ना."

त्या मशीनने तरी एकदा विचारलं, हे कमळाच्या मनात आलं. रडू आलं होतं, पण ऑफिसात हमाल लोक होते. ती गाडीत जाऊन बसली.

पुढचं सगळं केसरीनाथचं एकट्याचं कर्तृत्व. तक्त्याचा छापील कागद घेऊन तो चंद्राकडे निघाला आणि वाटेत मोरूचा फोन आला. देवळाची जमीन ज्यांनी दिली त्या दामोदरबाबांचं, म्हणजे केसरीनाथच्या वडलांचं नाव शिळेवर नाही, लोक काय म्हणतील? केसरीनाथने जीभ चावली. गाडी बाजूला घेऊन त्याने पेनाने सगळ्यांच्या वर एक ओळ वाढवली, 'कै. दामोदर', आणि पुढे आडनाव. आता आपण दुसरे झालो. दुसऱ्याला अक्षर कशाला? त्याने आपल्या नावामागचं श्री. खोडलं आणि तिथं दोन रेघा ओढल्या. एक अक्षर वाचलं म्हणून स्वारी वाटेत उसाचा रस प्याली.

देवीच्या स्थापनेला आठवडा उरला असताना शिळा आली. देवळापुढे टेम्पो लागला, सगळं गाव जमलं. बायका नव्या साड्या नेसून, कमिटी पांढऱ्या कपड्यांत. मोरूने नारळ फोडला, केसरीनाथने लाल फडका ओढला. काळाभोर दगड, त्यावर सोनेरी अक्षरं. टाळ्या वाजल्या. मग लोक वाचायला पुढे झाले आणि टाळ्या एकेक करून थांबत गेल्या.

पहिली ओळ, कै. दामोदर तरे. त्याखाली दोन सुबक सोनेरी रेघा, केसरीनाथ. त्याखाली दोन रेघा, मोरू. त्याखाली रेघा, रेघा, रेघा, थेट तळापर्यंत. वर आहे तेच समजा. आख्खी कमिटी कैलासवासी!

"आयला, मी मेलो?" मोरू म्हणाला. "सकाळी तर शुगर चेक केली!"

मग जो काही गलका झाला म्हणता! ज्याने त्याने आपली ओळ शोधली आणि आपलं मरण वाचलं. मोरूची बायको रंजिता तर छाती बडवायच्या बेतात आली. "अरे देवा, माझ्या कपाळाचं कुंकू दगडात पुसलं का रं या मानसानं!" सगळे केसरीनाथवर तुटून पडले, केसरीनाथ चंद्रावर तुटून पडला, आणि चंद्राने खिशातून तो कागद काढून पुढे केला. खोडलेलं श्री. आणि पेनाच्या रेघा, अक्षर केसरीनाथचं. केसरीनाथचं तोंड पडलं ते पडलंच.

अशा वेळी गावात शेवटचा शब्द बायजाबाईचा. ती धवलारीण, गावातली लग्नं तिने धवले गाऊन लावलेली. कुणाचं कुंकू कधी लागलं ते तिला तोंडपाठ. ती काठी टेकत पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने दोनदा वाचून घेतलं.

"देवी घरातनं हालनार ती पाच सवाशिणींच्या हातानं," ती म्हणाली. "आन् तुमी तर देवीच्या दारावर समद्यांचे घो मारून ठेवलंव. आता सवाशीण आनू कुठनं? हा दगड दारावर असंतोवर देवी येनार न्हाय."

झालं! पत्रिका वाटून झालेल्या, मंडपाचा, जेवणाचा, बँडचा विसार दिलेला. कमिटी तडक केसरीनाथच्या अंगणात मीटिंगला बसली. केसरीनाथने कपाळाला हात लावला. "दगडात कोरलेलं पुसतं काय कधी?" मोरू म्हणाला, "दगड तो दगड." सगळ्यांनी माना हलवल्या. कडेला उभ्या चंद्राने तोंड उघडलं, "शेठ, तसं बघाल तर…"

"तू थांब रे," मोरू खेकसला, "मोठी मानसं बोलतायत."

चंद्रा निमूट मागच्या पडवीत आला. कमळाने त्याला चहा दिला.

"काकी, तुम्ही तरी सांगा त्यांना," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "याच दगडाची काळी भुकटी, तिच्यात गोंद. रेघा बुजवायच्या, वरून पॉलिश मारायचं. मागमूस राहनार न्हाय. घटकाभराचं काम. श्री. काय, हवं तर कोरू न्हायतर नको."

कमळाने किटली खाली ठेवली. बाहेर मीटिंगचा आवाज येत होता. ती आत ओटीवर देवीकडे बघून आली. दोन वर्षांची सोबत होती ती, आता काही बोलायची गरज पडत नव्हती.

"चंद्रा, तू हे बाहेर बोललास?"

"बोलू कुठं देतात?"

"मग आता मी सांगंपर्यंत बोलू नको. घे, बटर घे अजून."

पदर खोचून ती अंगणात गेली. आजवर ती मीटिंगला गेली होती ती ट्रे घेऊन. आज हात रिकामे होते, त्यामुळे दोघातिघांनी सवयीने पुढे केलेले कप हवेतच राहिले.

"नवी शिळा करा," ती म्हणाली.

"वहिनी, आठवडा राहिलाय…" मोरू म्हणाला.

"आठवड्यात व्हते. विचारा चंद्राला. पन तिच्यावर परत्येक बाईचं नाव पायजे. कमळा, रंजिता, तुळजा, समद्यांची. मोठा हॉल नको आम्हांस्नी. ज्याच्या त्याच्या समोर ज्याची त्याची, अख्ख्या नावाची."

केसरीनाथ उसळला. "भिंतीत खाच करून झालीय! दगड तेवढ्याच मापाचा बसनार. एवढी नावं मावनार कुठं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. देवी माझ्या ओटीवर हाय. तिची ओटी भरून निरोप मी द्यायचाय. मी न्हाय दिला तर ऱ्हाईल बिचारी. माझी काय हरकत न्हाय, मला वालाची सवय झालीय."

बायजाबाई पायरीवर बसून हसली, तोंडात एकच दात होता तो दिसला. अंगणाबाहेर बायका जमल्या होत्या. रंजिता तिथूनच ओरडली, "आमचं नाव नसंल तर जेवनाला भाकऱ्या पन समाजसेवकांनीच थापा!" कमिटीची पाचावर धारण बसली. गावजेवणाच्या भाकऱ्या म्हणजे काय खायचं काम होतं?

भाविकाला बोलावलं. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, इकडची घरं तिकडे करून बघितली आणि म्हणाली, "जागा होते बाबा. हा समाजसेवकाचा रकाना फार जागा खातोय. एवढ्या वेळा तेच. तो मर्ज केला की बायकांची नावं आरामात बसतात."

सगळ्या कमिटीने एकदम लॅपटॉपमध्ये डोकी घातली.

"समाजसेवक… मर्ज?" मोरू म्हणाला. "म्हंजे सगळ्यांचं मिळून एकच?"

"एवढा मोठा हॉल भावजी," कमळा म्हणाली. "बसा की ऐसपैस."

लॅपटॉपवर पाटी आली. फक्त सगळ्यात वरचं राहील, बाकीचं पुसलं जाईल, चालेल का? भाविकाने सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याने मोरूकडे बघितलं. मोरू आपली चप्पल शोधत होता.

"हो म्हन," कमळा म्हणाली.

चंद्राने रात्रंदिवस टाकी चालवली आणि शिळा वेळेत लागली. या वेळी कागद भाविका स्वतः घेऊन गेली होती, आणि एकही डिट्टो नव्हता. पाच सवाशिणींनी देवी उचलली तेव्हा कमळाला हुंदका आवरेना. रिकामी ओटी बघून तिला लेक सासरी गेल्यासारखं झालं. देवळात सगळं आटोपल्यावर, गर्दी जेवायला वळली तशी ती शिळेपाशी गेली. बोट खाचेत घालून तिने एकेक अक्षर गिरवलं. क, म, ळा. दगड उन्हाने तापला होता. तिने तिन्ही अक्षरं पुन्हा गिरवली. शेजारी रंजिता आपलं नाव गिरवत होती आणि तिच्यामागे बायकांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी कमळाने ओल्या बोंबलांचं कालवण केलं आणि सगळ्यात आधी स्वतःला वाढून घेतलं.

जुनी शिळा मात्र केसरीनाथने टाकून दिली नाही. कशी टाकेल? पैसे मोजलेले. त्याने ती घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. मोरूने विचारलं, "दादा, आपल्या मरणाचा दगड कशाला सांभाळतोस?" तर म्हणाला, "असू दे. फुकट न्हाय जायचा. एकेक करून लागू पडंल सगळ्यांना." आणि स्वतःच्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला.

कमळा नाही हसली. ती धुणं वाळत घालायला मागे जायची तेव्हा ती शिळा रोज समोर यायची. कै. आणि खाली दोन रेघा, केसरीनाथ. माणूस कंजूष होता, आपमतलबी होता, कोनच्या नाक्यावर चोरून सुरमई खाणारा होता. पण होता ना! त्याच्या नावामागे असलं काही रोज बघायचं म्हणजे तिच्या जिवाला घोर लागायचा. तिने चंद्राला निरोप धाडला.

चंद्राने काळी भुकटी कालवली. केसरीनाथच्या नावामागच्या दोन रेघा बुजवल्या, वरून पॉलिश मारलं. खरंच, मागमूस राहिला नाही. तेवढ्यात केसरीनाथ दात कोरत मागच्या दाराशी आला आणि बघतच राहिला. त्याने पुढे होऊन जागेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"हे असं बुजवता येतं?"

"येतं की शेठ," चंद्रा म्हणाला. "काकींना मी त्याच दिवशी बोललो होतो."

केसरीनाथचे डोळे गरगर फिरले. नवा दगड, नवी अक्षरं, सगळा आकडा त्याच्या डोक्यात चढत गेला. "कमळे! म्हंजे पहिलीच शिळा चालली असती? तुला ठावं होतं? मग बोलली का न्हायस?"

कमळाने हातातला टॉवेल झटकला आणि दोरीवर टाकला.

"चालली असती की," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यावर मेले तरी होतात. मी तर जल्मालाच आले नव्हते."

केसरीनाथने दात कोरायची काडी फेकली. दगडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि चंद्राला म्हणाला, "मोरूची पन बुजव रे. भुकटी उरलीच हाय."